नायट्रोजन उजवीकडे

मागच्या वर्षी साडेतीन महिने आमच्या स्वयंपाकघरात वीस कागद टांगलेले होते. खिडकीपासून फ्रिजपर्यंत बांधलेल्या सुतळीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी. प्रत्येक कागदाच्या एका बाजूला जाड काळ्या मार्करने एका अमिनो आम्लाची रचना काढलेली होती आणि दुसऱ्या बाजूला बॉलपेनने मोठ्या अक्षरांत त्याचं नाव लिहिलेलं होतं. पाहुणे विचारायचे, हे काय. बाबा सांगायचे, "सुनेचा अभ्यास." यापुढे ते काही सांगत नसत, कारण यापुढचं त्यांना माहीत नव्हतं.

सून म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी. माहेर खकनार तालुक्यातल्या एका गावात. बी.एस्सी. त्यांनी रोज बसने बुऱ्हाणपूरला येऊन केलं. लग्नानंतर अकरा वर्षं शहरातल्या एका खासगी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं आणि छत्तिसाव्या वर्षी एम.एस्सी.ला नाव घातलं. भाऊ कागद कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. बाबा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. जळगावकडून तरुणपणी आले ते मशीनवर लागले आणि मशीनवरूनच घरी आले. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर आहे. माझी ड्युटी संध्याकाळी सुरू होते, त्यामुळे दुपारपर्यंत घरी असतो. इथे लिहिलेलं बहुतेक मी पाहिलेलं आहे. जे पाहिलेलं नाही, तिथे तसं नमूद केलं आहे.

वहिनी बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये एकदा नापास झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फळ्याजवळ उभं करून चार अमिनो आम्लांच्या रचना काढायला सांगितल्या. दोन आल्या, तिसरी अर्धी आली, चौथी आलीच नाही. घरी येऊन त्यांनी नेहमीसारख्या पोळ्या केल्या आणि जेवायला बसल्यावर सांगितलं.

"नाव येत होतं. चित्रच येत नव्हतं डोळ्यांपुढे."

"जाऊ दे ना," भाऊ म्हणाला. "पुढच्या टायमाला निघून जाईल."

"पुढच्या टायमालाच. त्याच्यानंतर नाही. शाळा एकच सत्र थांबणार आहे."

शाळेचं प्रकरण असं होतं. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. ती जागा वहिनींना द्यायची शाळेची तयारी होती, पण एम.एस्सी. पूर्ण पाहिजे होतं. एक सत्र कोणाकडून तरी निभावून नेऊ, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. दोन सत्रांचं कोणी बोललं नव्हतं. बाकीचे सगळे पेपर निघाले होते. अडलं होतं ते या एका प्रॅक्टिकलवर, आणि प्रॅक्टिकल अडलं होतं वीस चित्रांवर.

"पहिले जेव," बाबा म्हणाले. "कायले टेन्शन घेते? पाच महिने आहेत."

वहिनींनी पहिला महिना तोच उपाय केला जो बहुतेक विद्यार्थी करतात. एकेक रचना वीस-वीस वेळा लिहिली. दोन वह्या भरल्या. त्यानंतर मी पुस्तक मिटून कुठलीही पाच विचारली, तर तीन यायची, आणि दुसऱ्या दिवशी वेगळीच तीन यायची. मोबाइलवर वीस नावांच्या पहिल्या अक्षरांची वाक्यं मिळतात. तीही त्यांनी पाठ केली. त्यांनी नावं पक्की झाली, पण अडचण नावांची नव्हतीच.

एका सकाळी मी चहा घेत त्यांची वही चाळत होतो. रसायनशास्त्र मला दहावीपुरतं येतं. पण पानं पाहून एक गोष्ट लक्षात आली.

"वहिनी, हे वरचं सगळ्यांत सारखंच दिसतंय."

"सारखंच आहे. मध्ये कार्बन. वर कार्बोक्झिल, डावीकडे अमिनो, म्हणजे नायट्रोजन, उजवीकडे हायड्रोजन. खालची शेपटी तेवढी वेगळी."

"मग वरचं वीस-वीस वेळा कशाला लिहिता? आमच्याकडे एखाद्या प्रकरणाची रोज बातमी येते, तेव्हा मागचं सगळं एका ओळीत उरकतात. आज नवीन काय, तेवढंच लिहितात."

"तुमच्याकडे नवीन काय असतं भाऊजी? पाणी आलं नाही, लाइट गेली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच वाचते आहे."

पण त्या दिवसापासून त्यांनी वरचा भाग लिहिणं सोडलं. फक्त शेपट्या लिहायला लागल्या. आठवडाभरात पुढची गोष्ट त्यांनी स्वतःच शोधली. वीस शेपट्या सुट्या-सुट्या पाठ करायच्या नाहीत. एकीतून दुसरी काढायची. सुरुवात ॲलनीनपासून, कारण ग्लायसीन सोडलं तर त्याची शेपटी सगळ्यांत साधी, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. त्यातला एक हायड्रोजन काढून ओएच लावला की सेरीन. ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं की सिस्टीन. ॲलनीनलाच सहा कार्बनची रिंग लावली की फिनाइलॲलनीन, आणि त्या रिंगच्या पार टोकाला ओएच लावला की टायरोसीन. अशा रीतीने पाच एका घरातली झाली. बाकीच्यांचीही घरं लागली.

काही घरं लागली नाहीत, त्यांच्यासाठी वहिनींनी आपल्या खुणा केल्या. लायसीन आणि आर्जिनीन दोघांनाही लांब दांडा असतो. लायसीनच्या टोकाला एकच नायट्रोजन, आर्जिनीनच्या टोकाला तिघांचा झुपका. वहिनींच्या माहेरी केळीची शेती. त्या म्हणायच्या, घड आलेला तो आर्जिनीन, न आलेला लायसीन. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांच्यात अणू मोजून सारखे, फक्त फाटा कुठे फुटतो तेवढा फरक. त्यांना त्या जावा म्हणायच्या. प्रोलीनची शेपटी खाली न लोंबता वळून परत स्वतःच्याच नायट्रोजनला जुळते.

"प्रोलीन म्हणजे तुम्ही," त्या भावाला म्हणाल्या.

"मी काय केलं?"

"काही नाही. तेच तर. सुटीच्या दिवशी सोफ्यावर बघा स्वतःकडे. गोल होऊन आपल्याच पोटाशी पाय."

"एक्स्टर्नलसमोर हे सांगू नको," भाऊ म्हणाला.

कागदांची कल्पना माझी. छापखान्यात कागदाचं रीळ संपत आलं की गाभ्यावर थोडा कागद उरतो. तो मशीनवर चालत नाही, म्हणून आमच्याकडे तो कामगारांना घरी न्यायला देतात. मी एक गुंडाळी आणली, कापून वीस ताव केले. वहिनींनी पुस्तकात बघून एकेका तावावर मार्करने एकेक रचना काढली. नाव खाली लिहायला लागल्या तेव्हा मी अडवलं. मथळा आणि मजकूर एकत्र दिसला की माणूस मथळाच वाचतो, मजकूर वाचल्यासारखं वाटतं. नाव मागच्या बाजूला लिहा, म्हटलं. त्यांना पटलं. नावाची बाजू समोर ठेवून कागद टांगायचे, नाव वाचायचं, रचना आठवून काढायची आणि मग कागद उलटून पडताळायची, असं ठरलं. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा हा एवढा आहे.

शाळा सकाळची असल्यामुळे वहिनी बाराच्या सुमारास घरी यायच्या. त्यानंतर स्वयंपाक. त्यांची पद्धत अशी होती: ओट्यापाशी उभं राहून सुतळीवरचं एक नाव वाचायचं, मग परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने रचना काढायची, मग कागदापाशी जाऊन ताडून पाहायची. बरोबर आली की पीठ हाताने सारखं करायचं आणि पुढचं नाव. वीस झाली की पाणी घालून कणीक भिजवायची. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि मोजत.

"सोळा झाले. भूक लागली बरं का बाई."

"चारच राहिले बाबा."

"चारांत ते मोठं आहे ना, दोन रिंगांचं? मंग अर्धा घंटा गेला."

दोन रिंगांचं म्हणजे ट्रिप्टोफॅन. चौथ्या महिन्यात मी वेळ लावली. पान सोडायच्या घाईची सवय असल्यामुळे मला घड्याळाशिवाय काही मोजता येत नाही. वीस रचना, कागदावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत: अकरा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात नऊ. टांगलेल्या कागदांशी त्यांनीच ताडलं, चुका शून्य. पहिल्या परीक्षेत चारपैकी अडीच काढणाऱ्या बाईचा हा हिशेब आहे. डेस्कवर मी तो दोघांना सांगितला. त्यांनी विचारलं नव्हतं.

प्रॅक्टिकल सोमवारी होतं. शनिवारी दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो होतो. वहिनींनी शेवटच्या वीस एकेका कागदावर काढून संपवल्या होत्या. आता मी त्या पुस्तकातून पडताळणार होतो. कागद टांगल्यापासून पहिल्यांदाच. त्याआधी सगळी पडताळणी टांगलेल्या कागदांशी झाली होती. प्रूफ मूळ प्रतीशी ताडायचं असतं, दुसऱ्या प्रूफशी नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं आहे.

त्यांचा पहिला कागद मी माझ्याकडे वळवून घेतला आणि पुस्तकाशेजारी ठेवला. शेपटी बरोबर होती. अणू बरोबर होते. पुस्तकात नायट्रोजन डावीकडे होता, कागदावर उजवीकडे.

"वहिनी, हे असं चालतं का? पुस्तकात इकडे आहे."

त्यांनी पाहिलं. मग दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. वीसही कागद त्यांनी टेबलावर पसरले. सगळीकडे नायट्रोजन उजवीकडे होता.

"टांगलेल्या कागदांवर मी तर डावीकडे काढला होता," त्या म्हणाल्या. "पुस्तकात बघून काढला होता, भाऊजी. मार्करने."

बाबा उठले. त्यांनी सुतळीवरचा एक कागद काढला, अंगठा आणि बोटामध्ये चोळला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. कागद हाताळताना ते बोलत नाहीत, ही त्यांची जुनी सवय.

"हलका माल आहे," ते मग म्हणाले. "शाई पार पाठीले आली. तू हा उलटून बघायची का पाठीवरूनच बघायची?"

 वहिनींनी आपले हात पाहिले. मला कळलं तेव्हा बाबांना कळून बराच वेळ झाला होता. पिठाचे हात कागदाला लागू नयेत म्हणून त्या कागद उलटतच नव्हत्या. मार्करची शाई पातळ वर्तमानपत्री कागदातून आरपार आली होती. लांबून नाव तेवढं दिसे. जवळ गेलं की नावाखाली फिकी रचनाही ओळखू येई. पाठीवरून दिसे, म्हणजे आरशातल्यासारखी. अक्षरं उलटी आहेत हे त्यांना दिसत होतं आणि ती त्या मनातल्या मनात सुलटी करून घेत होत्या. बाजू सुलटी करायची राहून गेली. साडेतीन महिने.

हे किती गंभीर आहे, ते वहिनींनी आम्हाला टेबलावर दोन्ही तळवे ठेवून सांगितलं. दोन्ही हातांना बोटं पाचच, क्रमही तोच. तरी डावा हात उचलून उजव्यावर ठेवला तर अंगठे विरुद्ध बाजूंना जातात. अमिनो आम्लांचेही असे दोन हात असतात. एकाला एल म्हणतात, दुसऱ्याला डी. आपल्या शरीरातली प्रथिनं एलची बनलेली. त्यांनी जे पाठ केलं होतं ते डी. हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. कोणी विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं. त्यांच्या हाताला मात्र ते माहीत नव्हतं.

"वीसच्या वीस गेले?" मी विचारलं.

"एकोणीस. ग्लायसीनला शेपटीच्या जागीही हायड्रोजनच असतो. त्याला डावं-उजवं नाही. ते वाचलं."

त्यांनी लगेच बरोबर काढायचा प्रयत्न केला. सेरीन सावकाश काढलं, बरोबर आलं. सिस्टीन काढलं, नायट्रोजन उजवीकडे गेला. खोडला. व्हॅलीन काढलं, पुन्हा उजवीकडे गेला. लायसीनमध्ये बाजू बरोबर आली, पण शेपटी विसरल्या. चारपैकी तीन चुकले, आणि हे आमच्या टेबलावर, कोणी परीक्षक समोर नसताना.

"दोन दिवसांत हात बदलत नाही," बाबा म्हणाले. "आमच्या मशीनचा स्विच इकडून काढून तिकडे लावला होता. आम्ही महिनाभर भिंतीवर हात मारत होतो."

"बाबा, धीर देताय का घाबरवताय?" वहिनी म्हणाल्या.

"मी मशीनचं सांगितलं."

मी बरोबर काहीतरी सांगावं म्हणून चुकीचं बोललो. त्यांच्या पुढ्यातला कागद टेबलाच्या पलीकडून मला उलटा दिसत होता. मी म्हटलं, "माझ्याकडून बघितलं तर नायट्रोजन डावीकडेच आहे."

"तुमच्याकडून कार्बोक्झिलही खाली आहे, भाऊजी. माणूस डोक्यावर उभा राहिला म्हणून त्याचा उजवा हात डावा होत नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या. पेन हातातच होतं. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि रचना खालून काढायला सुरुवात केली. कागदाच्या तळाशी कार्बोक्झिल. त्याच्या वर मधला कार्बन. त्याच्या उजवीकडे, हाताला सवय होती तिथेच, नायट्रोजन. डावीकडे हायड्रोजन. शेपटी वर, कागदाच्या माथ्याकडे. मग कागद न हलवता त्या मला म्हणाल्या, "आता तुमच्याकडून वाचा. वरून."

मी वाचलं. वर कार्बोक्झिल. डावीकडे नायट्रोजन. उजवीकडे हायड्रोजन. खाली शेपटी. पुस्तकात होतं तसं.

"डावं-उजवं माझं फिरलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "वर-खालीही फिरवलं तर दोन्ही मिळून सरळ येतं. कागद फिरवला की हीच पुस्तकातली रचना. नायट्रोजन उजवीकडेच राहू दे. मी खालून चढते."

"परीक्षक म्हणेल, असं कोण काढतं?"

"म्हणू दे. चूक तर म्हणता येणार नाही."

त्या दुपारी त्यांनी वीसही रचना खालून वर काढल्या. पहिल्या खेपेला अठरा मिनिटं लागली, तिसऱ्या खेपेला बारा. उजवा-डावा बदलायला हात तयार नव्हता. वर-खाली बदलायला त्याने फारशी कुरकुर केली नाही. तसं का, ते मला माहीत नाही. वहिनींनाही नाही. पुस्तकाशी ताडायचं काम माझं होतं. मी प्रत्येक कागद फिरवून पुस्तकाशेजारी ठेवला, वीस कागद, तीन खेपा. रविवारी त्यांनी फक्त पाच काढल्या आणि पुस्तक मिटलं. संध्याकाळी बाबा त्यांना नदीवर, राजघाटावर फिरायला घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं, असं मी नंतर विचारलं. दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं की काही झालं नाही.

सोमवारी मी तिथे नव्हतो. पुढचं वहिनींच्या आणि त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या सांगण्यावरून लिहितो आहे. ती मुलगी त्या वेळी पलीकडच्या टेबलावर टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडायचा प्रयोग, करत होती. दोघींच्या सांगण्यात एकाच ठिकाणी फरक आहे.

परीक्षक बाहेरगावचे होते, वयस्कर. त्यांनी टायरोसीन काढायला सांगितलं. वहिनींनी फळ्याच्या खालच्या कडेला, जवळजवळ वाकून, कार्बोक्झिल लिहिलं आणि वर चढायला सुरुवात केली.

"मैडम, बोर्ड पे नीचे से कौन लिखता है?"

"सर, मैं लिखती हूँ."

वर्गातली मुलगी म्हणते, इथे दोन मुलं हसली. वहिनींनी रचना पुरी केली आणि बाजूला झाल्या. परीक्षक खुर्चीवरून उठले.

"एमिनो राइट में है. ये तो डी हो गया. बॉडी में कौन सा होता है?"

"एल, सर. और ये एल ही है. कार्बोक्झिल नीचे है. घुमाके देखिए."

फरक आहे तो इथे. वहिनी सांगतात की परीक्षकांनी मान खांद्यापर्यंत वाकडी करून फळ्याकडे पाहिलं. मुलगी सांगते की ते फळ्याकडे पाठ करून चक्क खाली वाकून पायांमधून बघायला निघाले होते आणि कंबरेने नकार दिला. त्यानंतर वहिनींनी त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला, त्यावर तीच रचना काढली आणि कागद अर्धा फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. यावर दोघींचं एकमत आहे.

परीक्षकांनी कागद बराच वेळ पाहिला. मग त्यांनी आयसोल्युसीन सांगितलं. हे सोपं नव्हतं. आयसोल्युसीनमध्ये अशी डावी-उजवी बाजू असलेले कार्बन एक नाही, दोन असतात; एक जरी चुकला तरी पदार्थ बदलतो. वहिनींनी तेही खालून काढलं. परीक्षकांनी पुन्हा कागद घेतला, स्वतः उतरवून घेतलं, स्वतःच फिरवलं. बरोबर होतं. मग विचारलं, की ज्याला ही भानगडच नाही, असं एखादं आहे का?

"ग्लायसीन, सर." हे त्या आता कोणीही विचारलं तरी विसरणार नव्हत्या.

"ऐसे उल्टा किसने सिखाया?"

वहिनींनी खरं ते सांगितलं. घरात कागदाचा माल, पातळ कागद, आरपार आलेली शाई, पिठाचे हात. साडेतीन महिने उलटं पाठ केलं, हेही सांगितलं.

"और पता कब चला?"

"परसों."

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. मुलगी म्हणते, टायट्रेशन करणाऱ्या सगळ्यांचं ब्युरेटवरचं लक्ष एकदमच उडालं असावं, कारण तिच्या फ्लास्कचा रंग नको तितका गडद झाला आणि तिला वाचन पुन्हा घ्यावं लागलं. परीक्षकांनी आणखी दोन रचना विचारल्या, त्या कशाही काढा म्हणाले. वहिनींनी खालूनच काढल्या. "जाइए," ते म्हणाले, आणि दार ओलांडायच्या आत पुन्हा हाक मारली. फळ्यावरची टायरोसीनची रचना पुसू नका, बाकीच्यांना दाखवायची आहे, एवढंच सांगायचं होतं.

घरी आल्यावर भावाने विचारलं, "कसं गेलं?"

"खालून वर गेलं," वहिनी म्हणाल्या आणि आधी पाणी प्यायल्या.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. मोबाइलवर. साइट उघडत नव्हती. भावाने कारखान्यातून तीनदा फोन करून विचारलं, उघडली का. उघडली तेव्हा वहिनी शाळेतून नुकत्याच आल्या होत्या आणि चप्पल एकाच पायातली काढलेली होती. पास. त्या प्रॅक्टिकलमध्ये वर्गातले सर्वांत जास्त गुण त्यांचे नव्हते. दुसऱ्या क्रमांकाचे होते. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण बाबा सगळीकडे पहिल्या क्रमांकाचे सांगतात. मी एकदा दुरुस्त केलं. ते म्हणाले, "तू पेपरात बरोबर छाप. मी कुठे छापतो आहे?"

पेपरात मी काही छापलं नाही. घरच्या माणसाची बातमी द्यायची नाही, असा डेस्कचा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण त्या संध्याकाळी पानावर तेवढी चार ओळींची जागा रिकामी होती, आणि मी तिथे जलवाहिनी दुरुस्तीची सूचना टाकली. इतक्या नाखुशीने मी कुठलीही सूचना कधी टाकलेली नाही.

जुलैत नवं सत्र सुरू झालं. वेळापत्रकात अकरावीचा जीवशास्त्राचा तिसरा तास वहिनींच्या नावावर होता. पहिल्या दिवशी त्या नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी निघाल्या. त्या गेल्यावर दीडेक तासाने बाबा कपडे करून डब्याची पिशवी घेऊन निघाले.

"कुठे?" मी विचारलं.

"डबा राहिला तिचा."

ते तासाभराने परत आले. घामाघूम, पण पंखा लावा म्हणाले नाहीत. दुपारी वहिनी आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत त्यांचा डबा होता, धुतलेला.

"बाबा, डबा तर मी सकाळीच नेला होता. शिपाई म्हणाला, सासरे गेटपाशी पिशवी घेऊन उभे होते."

"हो," बाबा म्हणाले. "ती रिकामी होती."

"मग आत यायचं ना. तसेच उभे राहिलात उन्हात?"

"आत कायले? तिसरा तास चालला होता." मग ते माझ्याकडे वळले, जणू हे सांगायचं होतं ते मलाच, मी लिहून घ्यावं म्हणून. "आवाज पार रस्त्यापर्यंत येतो तिचा. एकेक शब्द. मागच्या बाकावरच्या पोरीले पण ऐकू जात असंल."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. बाबा खुर्चीवर बसले आणि आता पंखा लावायला सांगितला.